चालू वीजघराची दुरुस्ती: कोयनेचं जुनं यंत्र नेमकं बंद कधी करायचं?

एसटीत, हॉस्टेलवर, जिममध्ये, जिथं कुठं हेडफोन लावून बसला असाल तिथं, सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, आकडेमोड थोडी नीट मांडलीय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय पाटणच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून घेतलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दादा, पोफळीचं वीजघर आपल्या आजोबांच्या काळातलं, साठी उलटून गेली त्याची. मोबाइल आपण तीन-चार वर्षांत बदलतो, मग ही जुनी यंत्रं काढून एकदम नवी का बसवत नाहीत?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना मला सातारा, सांगली आणि चिपळूण असा तीन गावचा फेरा मारावा लागणार आहे. कारण नवं यंत्र विकत घेणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. जुनं यंत्र कधी बंद करायचं, किती दिवस बंद ठेवायचं आणि तेवढ्या दिवसांत पाणी कुठल्या वाटेनं जाणार, हे ठरवणं खरं अवघड. आजच्या भागातलं एवढंच लक्षात राहिलं तरी मला पुरे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा

कोयना धरण पाटण तालुक्यात आहे. उंची १०३ मीटर, लांबी ८०८ मीटर. मागं पसरलेला जलाशय म्हणजे शिवाजीसागर, त्याची क्षमता १०५.२५ टीएमसी. टीएमसी हा शब्द बातम्यांत रोज ऐकतो आपण. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर.

आता गंमत बघा. कोयना नदी स्वभावानं पूर्वेला जाणारी. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, पुढं सांगली, मग कर्नाटक, आंध्र आणि बंगालचा उपसागर. पण जलाशयाच्या पश्चिमेला सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात उतरतो. जलाशयातलं पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून पलीकडं नेलं, तर ते जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. या उतारासाठीच कोयना प्रकल्प झाला. टाटांच्या माणसांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच ही जागा हेरली होती. प्रत्यक्ष काम मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात सुरू झालं.

पश्चिमेकडची वाट अशी आहे:

- पहिला आणि दुसरा टप्पा, पोफळी. डोंगराच्या पोटातलं वीजघर, आठ यंत्रं, आज एकूण ६०० मेगावॅट. १९६० च्या दशकातली.
- चौथा टप्पा, तोही डोंगराच्या पोटात. २५० मेगावॅटची चार यंत्रं, म्हणजे १,००० मेगावॅट. साधारण १९९९-२००० मध्ये सुरू झाली.
- या दोन्ही वीजघरांतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडतं आणि अलोरेला तिसऱ्या टप्प्याची ८० मेगावॅटची चार यंत्रं फिरवतं. ही १९७० च्या दशकातली. तिथून पाणी वाशिष्ठीत, म्हणजे चिपळूणच्या दिशेनं जातं.

आणि पूर्वेकडं आहे कोयना धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजघर. २० मेगावॅटची दोन यंत्रं. सांगलीच्या शेतीसाठी सोडलेलं पाणी जाता जाता ही यंत्रं फिरवून कोयनेच्या पात्रात पडतं.

सगळी बेरीज १,९६० मेगावॅट. धरण आणि वीजघरं राज्याच्या जलसंपदा विभागाची, वीजघरं चालवायला महानिर्मितीकडं. ही दोन नावं लक्षात ठेवा. घरमालक एक आणि राहणारा दुसरा असला, की छपराची दुरुस्ती कुणी, कधी आणि कुणाच्या पैशानं करायची हा प्रश्न आपोआप येतो.

वीजघर म्हातारं होतं म्हणजे काय होतं?

धरणाची भिंत, बोगदे, डोंगरातली गुहा हे सगळं शंभर वर्षंसुद्धा टिकू शकतं. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ सालचं. तिथली यंत्रं बदलली, पण उतार तोच आणि जागाही तीच. यंत्रांचं तसं नाही. जलविद्युत यंत्राचं आयुष्य साधारण ३५ ते ४० वर्षं धरतात.

पोफळीची यंत्रं पेल्टन जातीची. एका चाकाच्या कडेनं वाट्यांसारखे बकेट लावलेले असतात आणि नोझलमधून पाण्याची धार त्यांच्यावर आदळते. पावणेपाचशे मीटरवरून येणाऱ्या धारेचा वेग काढून बघा, ताशी सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरतो. पाण्यात बारीक रेती असेल तर ही धार पॉलिश पेपरसारखी काम करते. वाट्यांची कड झिजते, नोझलची सुई झिजते, धार फाटते. फाटलेली धार वाटीच्या मधोमध लागत नाही, आणि पाणी तेवढंच जाऊन वीज कमी होते.

दुसरं दुखणं डोळ्यांना न दिसणारं. प्रत्येक वाटीला प्रत्येक फेरीत धक्का बसतो. तार हातानं वाकवत राहिलं तर शेवटी तुटते ना, तसं. लाखो-कोटी धक्क्यांनंतर वाटीच्या मुळाशी केसाएवढी चीर पडते. याला धातूचा थकवा म्हणतात.

तिसरं दुखणं जनरेटरच्या तांब्याच्या गुंडाळीचं. तांबं म्हातारं होत नाही, त्यावरचं इन्सुलेशन होतं. यंत्र सुरू केलं की ते तापतं, बंद केलं की थंड होतं, फुगतं, आकसतं. आणि इथं आपल्या काळाचा एक नवा ताण आलाय. दिवसा सौर वीज भरपूर असते आणि संध्याकाळी सूर्य मावळला की मागणी एकदम चढते. तो चढ भरायला पाण्याची यंत्रं लागतात, कारण ती काही मिनिटांत सुरू होतात. म्हणजे म्हातारपणी त्यांना जास्त वेळा उठ-बस करावी लागतेय. तुमच्या आजोबांना विचारा, सलग चालण्यापेक्षा सारखं उठणं-बसणंच जास्त त्रासाचं असतं.

जलविद्युत किती चपळ असते, हे सगळ्या देशानं एकदा बघितलंय. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद केले होते आपण. देशभरातली मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं घसरली आणि पुन्हा वर आली. तरी ग्रिड पडलं नाही. त्यात सर्वांत मोठा वाटा होता झटपट कमी-जास्त करता येणाऱ्या पाण्याच्या यंत्रांचा. सुमारे १७ हजार मेगावॅट जलविद्युत काही मिनिटांत खाली आणली गेली.

आधी तपासणी, मग खरेदी

कुठल्याही नूतनीकरणाची सुरुवात होते शिल्लक आयुष्याच्या तपासणीनं. गावाकडं जुनं घर घेताना आपण भिंतीवर टकटक करून बघतो, त्याचीच ही मोठी आवृत्ती. रंगीत द्रव लावून चिरा शोधतात, ध्वनिलहरींनी पोलादाची जाडी मोजतात, गुंडाळीवर वाढता व्होल्टेज देऊन इन्सुलेशन किती तग धरतं ते बघतात, कंपनं नोंदवतात. पाणी आणणारे पोलादी पाइप आतून किती गंजलेत, मुख्य झडप पूर्ण बंद होते की गळते, हेही बघावं लागतं.

झडपेचा मुद्दा किरकोळ समजू नका. यंत्र उघडून माणसं आत काम करत असताना वरचं पाणी अडवणारी तीच एक गोष्ट असते. पावणेपाचशे मीटर पाण्याचा दाब म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास वीसपट. म्हणून समजूतदार नियोजनात नवं चाक नंतर येतं, झडप आधी.

या तपासणीतून तीन याद्या निघतात: काय तसंच ठेवायचं, काय दुरुस्त करायचं, काय बदलायचं. सहसा धरण-बोगदे पहिल्या यादीत, शाफ्ट आणि मोठे ओतीव भाग दुसऱ्या, आणि गुंडाळी, टर्बाइनचं चाक, वेग सांभाळणारा गव्हर्नर, नियंत्रणाचं पॅनेल, केबल हे तिसऱ्या. म्हणजे "सगळं काढून नवं" हे उत्तर जवळजवळ कधीच बरोबर नसतं. पण तपासणी न करता मागच्या कोटेशनवरून खरेदी सुरू केली, तर चांगला भाग भंगारात जातो आणि चिरलेला तसाच राहतो.

एक टक्का म्हणजे किती?

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. कोयनेचं किती पाणी पश्चिमेला वळवायचं याला मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंट्याच्या बच्छावत लवादानं ती घालून दिली, जलवर्षात ६७.५ टीएमसी. जलवर्ष म्हणजे १ जून ते ३१ मे. मनात आलं म्हणून जास्त पाणी घेता येत नाही.

एक टीएमसी पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडलं, तर त्यातली ऊर्जा भरते सुमारे ३.६६ कोटी युनिट. ६७.५ नं गुणा, झाले साधारण २४७ कोटी युनिट. हे शंभर टक्के कार्यक्षमतेचं गणित, प्रत्यक्षात यंत्रं त्यातली काही ऊर्जा खातात. मग यंत्राची कार्यक्षमता एका टक्क्यानं वाढली, तर वर्षाला सुमारे अडीच कोटी युनिट जास्त मिळतात. पाणी तेवढंच.

उलटं करून बघा. तेवढी वीज जुन्या यंत्रांतून काढायची म्हटली तर साधारण पाऊण टीएमसी जास्तीचं पाणी लागेल. म्हणजे झिजलेल्या वाट्या आणि फाटलेली धार वर्षाला पाऊण टीएमसी पाणी खात असतात, आणि कुणाला दिसतही नाही.

क्षमतेचंही तसंच. पोफळीची यंत्रं आधी ६५ आणि ७५ मेगावॅटची धरली जात, आज ती ७० आणि ८० ची आहेत. प्रत्येकी ५ मेगावॅट, आठ यंत्रं, एकूण ४० मेगावॅटची वाढ. धरणाच्या पायथ्याचं आख्खं वीजघर ४० मेगावॅटचं आहे! आधुनिक इन्सुलेशन पातळ असतं, त्याच खाचेत जास्त तांबं बसतं आणि ते जास्त उष्णता सोसतं. अशी क्षमतावाढ साधारणपणे यातूनच मिळवतात.

या वाढीसाठी एकही एकर जमीन पाण्याखाली गेली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साताऱ्यात "पुनर्वसन" म्हटलं की कुणाला टर्बाइन आठवत नाही, धरणग्रस्त आठवतात. ज्यांची गावं शिवाजीसागराखाली गेली, त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांचे जमिनीचे प्रश्न तिसऱ्या पिढीपर्यंत आलेत. त्यासाठी आंदोलनं झाली, अजून होतात. पाटणच्या त्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. नवं धरण बांधायचं तर पुन्हा कुणाला तरी उठवायचं. त्यापेक्षा ज्या पाण्यासाठी लोकांनी आधीच घरं सोडली, त्या पाण्याच्या थेंबाथेंबातून पूर्ण वीज काढणं हे आपलं कर्तव्यच आहे.

मग यंत्र बंद कधी करायचं?

आता खऱ्या डोकेदुखीकडं येऊ.

मोठ्या नूतनीकरणात एक यंत्र काही महिने बंद राहतं. सगळी एकदम का उघडत नाहीत? एक कारण फारच साधं आहे, जागा! डोंगराच्या पोटातल्या वीजघरात सुटे भाग ठेवायला ठरावीक ओटा असतो. एका यंत्राचा रोटर, शाफ्ट, चाक, झाकण मांडलं की तो भरतो. क्रेनही तेवढ्याच. म्हणून एका वेळी एक. एका यंत्राला एक हंगाम धरला तर आठ यंत्रांना आठ हंगाम. आठवं यंत्र नवं होईपर्यंत पहिलं सात वर्षांचं झालेलं असतं. म्हणजे कामाचा आराखडा आठ वर्षं टिकला पाहिजे, आणि तेवढ्यात अधिकारी बदलतात, सरकारं बदलतात, कधी सुटे भाग बनवणारी कंपनीच विकली जाते.

मग कुठला हंगाम? महिने मोजूया.

जुलै ते सप्टेंबर धरण भरत असतं. पूर नियंत्रणासाठी पाणी सोडायची वेळ आली तर आधी पायथ्याचं वीजघर चालवतात, मग वक्र दरवाजे. त्या दिवसांत पायथ्याचं यंत्र उघडून ठेवणं परवडत नाही. शिवाय डोंगरात झऱ्यांचा पाझर वाढलेला असतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी वीज हवी असते संध्याकाळच्या चढासाठी, आणि त्याच काळात सांगलीची रब्बीची आवर्तनं सुरू असतात.

मार्च ते मे विजेची मागणी टोकाला, पाण्याची मागणीही टोकाला, आणि जलाशय खाली जातोय. शिवाय ३१ मे जवळ येतो, लवादाच्या वाट्यातलं किती पाणी उरलंय त्याचा हिशेब सुरू होतो.

बघितलंत? मोकळा महिनाच नाही. म्हणून कामाची उलटी आखणी करावी लागते. आधी नवी गुंडाळी, नवं चाक, नवे बेअरिंग कारखान्यातून येऊन वीजघरात पडलेले हवेत. प्रत्येक बोल्टचं माप जुळवून ठेवलेलं हवं. मगच यंत्राला कुलूप. सुटा भाग यायच्या आधी यंत्र उघडलं, तर चार महिन्यांचा शटडाउन वर्षावर जातो. आणि यंत्र उघडल्यावर काहीतरी नवीन निघतंच. चीर निघते, जुना नकाशा प्रत्यक्षाशी जुळत नाही. म्हणून वेळेत आणि पैशात आधीच सैल जागा ठेवावी लागते. लग्नाच्या पंगतीला आपण दोनशे पाने ठरली तरी सव्वादोनशेचा स्वयंपाक करतो ना, तेवढंच व्यवहारज्ञान.

साखळीचंही भान ठेवावं लागतं. पहिल्या दोन टप्प्यांना पाणी आणणारा बोगदा सामायिक आहे. एक यंत्र बंद करणं वेगळं आणि बोगदा रिकामा करून तपासणं वेगळं. बोगदा रिकामा केला तर आठही यंत्रं थांबतात. त्या दिवसांत चौथा टप्पा चालू नसेल, तर कोळकेवाडीत पाणी येत नाही आणि तिसरा टप्पाही उपाशी राहतो. खाली वाशिष्ठीकाठी या अवजलावर विसंबून असलेले लोक आणि उद्योग आहेत. वीजघरातल्या एका कुलपाचा परिणाम असा घाट उतरून चिपळूणपर्यंत जातो.

सांगलीकरांनो, हे तुमच्यासाठी

आता घाटाच्या अलीकडं येऊ. माझं गाव वाळवा तालुक्यातलं, त्यामुळं "आवर्तन कधी सुटणार?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या तिन्ही उपसा योजना कृष्णेतून पाणी उचलतात आणि खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशा दुष्काळी पट्ट्याकडं चढवतात. नदीत पाणी कमी पडलं की नजर कोयनेकडं जाते.

म्हणजे बघा, पश्चिमेला आपण पाणी खाली पाडून वीज करतो आणि पूर्वेला वीज घालून पाणी वर चढवतो. जलाशय एकच. म्हणून पाऊस कमी झाला की "पाणी विजेला का शेतीला" हा वाद पेटतो. २०२३ च्या कमी पावसानंतर सांगलीत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, तेव्हा सातारा-सांगलीत काय तणातणी झाली ते तुम्हाला आठवत असेल.

आता यात नूतनीकरण कुठं आलं? पायथ्याच्या वीजघरातली दोन्ही यंत्रं चालली तर २,१०० क्युसेक पाणी बाहेर पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१८ टीएमसी. एक टीएमसी खाली पाठवायला साडेपाच दिवस. एक यंत्र दुरुस्तीला काढलं की ११ दिवस. उसाची लागण, खोडवा, द्राक्षबाग, सगळे वाट बघत असताना हे साडेपाच दिवस फार मोठे असतात. अर्थात तातडीला वेगळ्या वाटेनं पाणी सोडता येतं, पण मग त्या पाण्यातून वीज होत नाही. फुकट गेलेली वीज का उशिरा आलेलं पाणी, असा पेच पडतो.

या पेचातून सुटायचा मार्ग यंत्रात सापडत नाही, वेळापत्रकात सापडतो. पाटबंधारेवाल्यांची कालवा सल्लागार समिती आवर्तनांच्या तारखा ठरवते आणि वीजघर आपले शटडाउन ठरवतं. दोन्ही तारखा एकाच टेबलावर, एकाच दिवशी ठरल्या पाहिजेत. माझ्या मते जुन्या वीजघराच्या व्यवस्थापनातली सर्वांत महत्त्वाची बैठक हीच, निविदा उघडण्याची नाही.

आपण हे आधीही केलंय

कुणी म्हणेल, एवढं गुंतागुंतीचं काम आपल्याच्यानं होतंय का? झालंय की!

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेला ६.५ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणाच्या भिंतीला आडव्या चिरा पडल्या, मुख्यतः जिथं भिंतीचा खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो त्या पातळीला. धरण मोडीत काढलं नाही. चिरांमध्ये इपॉक्सी भरलं, पोलादी केबलनी भिंत ताणून बांधली, आणि मग खालच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम टेकू उभारले. ते काम १९७३ पर्यंत चाललं. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण त्याच्याही बऱ्याच नंतर, २००६ च्या सुमारास पूर्ण झालं. प्रकल्पाचा वापर सोडून न देता, टप्प्याटप्प्यानं.

दुसरं उदाहरण लेक टॅपिंगचं. चौथ्या टप्प्याचा बोगदा जलाशयाला जोडायचा होता, पण जलाशय रिकामा करणं शक्य नव्हतं. म्हणून बोगदा तळाखालून जवळ नेला, शेवटचा खडकाचा बूच ठेवला आणि १३ मार्च १९९९ ला तो पाण्याखालीच सुरुंगानं उडवला. आशियातला हा पहिला प्रयोग मानला जातो. पाण्याची पातळी आणखी खाली गेली तरी पाणी घेता यावं म्हणून २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा तसाच दुसरा स्फोट केला.

दोन्ही तारखा परत वाचा. मार्च आणि एप्रिल. अशा कामात तारीख निवडणं हाच अभियांत्रिकीचा मोठा भाग असतो.

आणि पुढं ढकलत राहिलं तर?

रशियातलं सायानो-शुशेन्स्काया हे ६,४०० मेगावॅटचं प्रचंड जलविद्युत केंद्र. १७ ऑगस्ट २००९ ला तिथल्या दोन नंबरच्या यंत्राचं झाकण पाण्याच्या दाबानं उखडलं. वीजघर पाण्यानं भरलं आणि ७५ माणसं मेली. नंतर झाकणाचे ४९ बोल्ट तपासले, त्यातल्या ४१ मध्ये थकव्याच्या चिरा होत्या. यंत्राची कंपनं वाढलेली होती. आदल्या रात्री ब्रात्स्कच्या दुसऱ्या जलविद्युत केंद्रात आग लागली आणि ग्रिडचा चढ-उतार सांभाळायचं काम सायानोवर आलं. ज्या यंत्राला विश्रांती हवी होती, त्यालाच जास्त उठ-बस करावी लागली.

आपल्याच कृष्णेवर, खाली श्रीशैलमला, तेलंगणाच्या बाजूच्या भूमिगत वीजघरात २० ऑगस्ट २०२० च्या रात्री आग लागली. ९ जण गेले. डोंगराच्या पोटातल्या वीजघरात धूर झाला की पळायला वाट मोजकीच. म्हणून नूतनीकरणाच्या यादीत केबल, बॅटरी, वायुवीजन आणि सुटकेचे मार्ग हे शेवटच्या पानावर टाकायचे विषय नाहीत. त्यांनी एक युनिटही जास्त मिळत नाही, म्हणून बजेट कमी पडलं की पहिली कात्री त्यांच्यावर चालते. तिथंच पहारा ठेवला पाहिजे.

तुम्ही काय विचारायचं?

तुमच्यातले काही जण पॉलिटेक्निकला आहेत, काही जण स्पर्धा परीक्षा देताय, काही जणांच्या घरी ऊस आहे. पुढच्या वेळी कोयनेच्या नूतनीकरणाची बातमी वाचाल तेव्हा किती कोटींचं काम एवढंच बघू नका. हे पाच प्रश्न विचारा:

१. शिल्लक आयुष्याची तपासणी झाली का, आणि तिच्यात काय निघालं?
२. सुटे भाग आधी येणार का यंत्र आधी उघडणार?
३. शटडाउनच्या तारखा आवर्तनांच्या तारखांशी जुळवल्यात का?
४. दुरुस्तीआधी आणि नंतर कार्यक्षमता मोजणार का? नाहीतर तो एक टक्का मिळाला का, हे कळणार कसं?
५. आग, पूर आणि माणसांच्या सुटकेसाठी त्यात किती पैसे आहेत?

पोफळीचा विषय निघाला की आपण जुन्याबद्दलच बोलतो, पण चौथ्या टप्प्याची १,००० मेगावॅटची यंत्रंही पंचविशी ओलांडून गेलीत. त्यांची पाळी यायला फार वर्षं नाहीत. तोवर पोफळीला जे शिकलो ते कागदावर उतरवून ठेवलं पाहिजे, कारण यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखणारी माणसं एकेक करून निवृत्त होतायत.

पाटणच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला एवढं लांबलचक उत्तर झालं. मोबाइल बदलताना तुझा एकट्याचा तासभर जातो. कोयनेचं यंत्र बदलताना पाटण, चिपळूण आणि सांगली, तिघांचं वेळापत्रक जुळावं लागतं. म्हणून वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणून सुरुवातच लांबवली, तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

तुमच्या भागात जुनं वीजघर, बंधारा किंवा उपसा योजना असेल आणि तिच्याबद्दल काही प्रश्न असतील, तर व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात टेंभूकडं जायचा विचार आहे. पाणी डोंगर चढतं तेव्हा विजेचं बिल कोण भरतं, हा तिथला प्रश्न. तोवर काळजी घ्या. राम राम!